तळहाताएवढी आई

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमची आई तुमच्या तळहाताएवढी आहे. ती रोज संध्याकाळी सात वाजता येते. दारातून नाही, टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यातून. तिथे एक गोल खिडकी उघडते. त्या खिडकीत निळा कोट घालून ती उभी राहते आणि बातम्या संपेपर्यंत हातांनी बोलते. ती तुमच्याकडे बघते, पण तुम्ही तिला दिसत नाही. बातम्या संपल्या की खिडकी बंद. मग तुम्ही काच पुसा, कोपऱ्यावर बोट टेकवा, काहीही करा, ती उद्या सातपर्यंत यायची नाही.

आली का डोळ्यांसमोर? मग तुम्ही ईसुलच्या घरात येऊन पोहोचलात. चपला दाराशी काढा, जमीन उबदार आहे. आणि आजीच्या मांदेली माशांच्या सुपाला पाय लावू नका, ती रागावते.

ईसुल पाचवीत होती. कोरियाच्या दक्षिण टोकाला समुद्रात बेटांचा नुसता सडा पडला आहे. त्यातल्या एका बेटावर ती आजीजवळ राहायची. वडील ती रांगत होती तेव्हाच गेले. आजीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या लहानपणी अशा मुलांना बेटावर कोणी शाळेत घालत नसे, त्यामुळे अक्षरंही तिला जेमतेमच ओळखता यायची. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर धावणारी ओळ तिला कधीच पकडता आली नाही. ती हातांनी सांगायची, की ही अक्षरं म्हणजे खेकड्याची पिल्लं, नीट बघावं तोवर बिळात गुडूप.

पण हातांची भाषा! ती आजीकडून शिकावी. ईसुलच्या आईनं ती पाळण्यातच उचलली होती, आणि मोठी झाल्यावर त्याच भाषेवर तिला राजधानीत, सोलला नोकरी मिळाली. देशभरच्या बातम्या ती खुणांनी सांगायची. सोल लांब. आधी बोट, मग बस, मग रेल्वे. आई सुगीच्या पौर्णिमेला, चुसोकच्या सणाला यायची आणि एकदा नव्या वर्षाला. रविवारी ती फोनवर दिसायची खरी, पण बेटावर वारा सुटला की फोनमधल्या आईचे चौकोनी तुकडे व्हायचे. टीव्हीतली आई मात्र भरवशाची होती. शिवाय तिच्या नि या दोघींच्या मध्ये एक गुपित होतं.

आई लहान असताना शाळेला निघाली, की आजी तिच्या बाहीवर चिकटलेले माशांचे खवले झटकायची आणि मग डावी बाही मनगटापर्यंत दोनदा हातानं सारखी करायची. जा आता, नीट जा, असा त्याचा अर्थ. आता सोलमध्ये बातम्या संपल्या, निवेदकानं वाकून नमस्कार केला, की आईनं हात पोटाशी जुळवून निश्चल उभं राहायचं, असा तिथला नियम होता. पण खिडकी बंद व्हायच्या आधीच्या त्या एका क्षणात ती डावी बाही हळूच दोनदा सारखी करायची. बघणाऱ्याला वाटावं, कोटाला सुरकुती पडली असेल. इथे आजीला आणि ईसुलला कळायचं, की आई बरी आहे, आता तुम्ही जेवून घ्या.

“कोणाला सांगायचं नाही हं,” आईनं ईसुलला बजावलं होतं. “ऑफिसात कळलं तर बोलणी बसतील. बातम्या म्हणजे काय माझं घरचं अंगण आहे?”

ईसुलनं कोणाला सांगितलं नव्हतं. बाही झाल्याशिवाय आजी भाताला हात लावत नसे.

त्या वर्षी चुसोकनंतर मात्र खिडकीला काहीतरी झालं. मोठ्या चित्रात निवेदक बोलत असायचा, त्याचे ओठ हलायचे, आणि कोपऱ्यातली आई मध्येच थिजायची. कधी हात छातीशी, कधी बोटं अर्धवट उघडी. थोड्या वेळानं ती पुन्हा हलू लागे, पण तोवर बातमी निसटून गेलेली असे. कधीकधी ती शेवटाला थिजायची. निवेदक वाकायचा, खिडकी बंद व्हायची आणि बाहीचा क्षण आलेलाच नसायचा.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा आजीनं टीव्हीला मागून थोपटलं. दुसऱ्यांदा ईसुलला विचारलं, की तुझी आई आजारी आहे का. तिसऱ्यांदा काही विचारलं नाही. भात वाढून घेतला आणि तो तसाच थंड होऊ दिला.

मग ती वादळी संध्याकाळ आली. निवेदक उंच लाटांचा इशारा देत होता. किनाऱ्यावर वाळत घातलेलं सगळं आत घ्या, होड्या वर ओढा. नेमकी त्याच वेळी आई थिजली, एक हात वर उचललेला, जणू कोणाला थांब म्हणते आहे. आजीला इशारा कळला नाही. ईसुलला ऐकू येत होतं, पण तिनं ऐकलंच नाही. ती डोळे फाडून त्या उचललेल्या हाताकडे बघत होती, आता हलेल, आता हलेल म्हणून. सकाळी शेजाऱ्यांची मांदेली त्यांच्या पडवीत कोरडी होती, आणि आजीच्या मासे वाळवायच्या जाळ्या धक्क्याच्या दगडांत अडकल्या होत्या, रिकाम्या. आजीनं ईसुलला एका शब्दानं दोष दिला नाही. त्याचंच ईसुलला जास्त लागलं.

धक्क्याजवळ मा नावाचे आजोबा राहायचे. जाळी विणायचे. त्यांनाही ऐकू येत नसे. त्यांची होडी त्या वादळात दगडांवर आपटली. तुम्हाला तरी इशारा कळला होता का, असं आजी त्यांना विचारायला गेली, तर त्यांनी हात झटकून सांगितलं, की मी बातम्या बघणं कधीच सोडलं. ती कोपऱ्यातली बाई आपल्याशी बोलता बोलता पाठ फिरवते.

“ती माझी मुलगी आहे,” आजीनं खुणेनं सांगितलं.

मा आजोबा ओशाळले आणि पुन्हा जाळं विणू लागले.

रविवारी ईसुलनं आईला सगळं सांगितलं. आईनं ऑफिसात विचारलंही होतं. सोलहून खिडकी नीट निघते, असं तिथले लोक म्हणाले. बेटांवर टीव्ही पोहोचवणाऱ्या दक्षिणेच्या केंद्राचा अहवाल दर महिन्याला येतो आणि तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हिरवा असतो. दोष शून्य, तक्रारी शून्य. बोलता बोलता आईनं आणखी एक गोष्ट सांगितली, अगदी हलक्या आवाजात, जशी मोठी माणसं जड गोष्ट सांगतात. नव्या वर्षापासून दक्षिणेच्या भागात ती खिडकी काढून टाकायचा विचार चालला होता. तिथे ती कोणी बघत असेल, असं कुठल्या आकड्यातून दिसत नाही म्हणे. त्या कोपऱ्यात बोटींच्या वेळा येणार होत्या.

“म्हणजे तू दिसणार नाहीस?”

“सोलमध्ये दिसेन ना.”

“सोलमध्ये आम्ही कुठे आहोत?”

यावर आई काहीतरी म्हणाली, पण वारा सुटला होता. तिचे तुकडे झाले आणि फोन बंद पडला.

आता योगायोग म्हणा, की ईसुलच्या शाळेची सहल त्याच महिन्यात त्या केंद्रावर जायची होती. शाळा एवढीशी, की सगळी मुलं एका बाकड्यावर मावत. तक सर त्यांना घेऊन सकाळच्या बोटीनं शहरात गेले. सर साठीला आलेले, बोटीत झोपून जाणारे, पण मुलांनी प्रश्न विचारला की लगेच जागे होणारे.

केंद्रावर त्यांना प्यो साहेब भेटले. प्रक्षेपणावर नजर ठेवणाऱ्या विभागाचे ते प्रमुख. माणूस उमदा होता. मुलं वाकून नमस्कार करायच्या आत तेच वाकले, आणि सगळ्यांच्या हातात गरम सोयाचं दूध दिलं. मग एका मोठ्या अंधाऱ्या खोलीत नेलं. समोरची सगळी भिंत पडद्यांची होती. बातम्या, गाणी, मालिका, कुस्ती, स्वयंपाक, सगळं एकदम चाललेलं आणि आवाज कशालाच नाही.

“इतके टीव्ही बघायचे म्हणजे तुम्हाला डोळे किती हवेत, काका?” एका मुलानं विचारलं.

“माझे दोनच, तेही चष्म्याचे,” प्यो साहेब म्हणाले. “बघतं ते यंत्र. चला, तुम्ही यंत्र व्हा. मी चित्र होतो.”

मग त्यांनी खेळ मांडला. ते हातवारे करत चालू लागले. मध्येच थिजले. मुलांनी मनात दहा मोजायचे आणि तोवर चित्र हललं नाही तर घंटेसारखं ओरडायचं. मग त्यांनी दिवा बंद केला, म्हणजे चित्र काळं झालं. मुलं ओरडली. मग ते नुसतेच ओठ हलवू लागले, म्हणजे आवाज गेला. मुलं पुन्हा ओरडली. खोलीतल्या दोन माणसांनी वळून बघितलं आणि तीही हसली. यंत्र हेच करतं, साहेब म्हणाले. काळं, थिजलेलं, मुकं, काही दिसलं की घंटा वाजवतं, आणि केव्हा वाजली, कुठे वाजली, किती वेळ वाजली, हे लिहून ठेवतं. महिनाअखेर त्या सगळ्याचा अहवाल होतो. दोष असेल तिथे लाल, नसेल तिथे हिरवं.

त्यांनी पडद्यावर अहवाल दाखवला. सगळं हिरवं होतं, पावसाळ्यानंतरच्या डोंगरासारखं. “वर्षभर असा आहे,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज, आपण बक्षीस मिळालेलं चित्र घरी दाखवताना होतो ना, तसा झाला होता.

ईसुलनं खेळात एकदाही ओरडून घंटा वाजवली नव्हती. ती एका पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत उभी होती. सकाळ होती, तिथे खिडकी नव्हती.

“काका, यंत्र खिडकीकडे पण बघतं?”

“कुठली खिडकी?”

“खुणांची. कोपऱ्यातली गोल.”

प्यो साहेबांनी चष्मा सारखा केला. प्रश्न चांगला आहे, असं म्हणाले आणि सरळ मनानं उत्तर दिलं. खिडकीवर यंत्राची नजर आधी होती. पण खुणांनी सांगणारी बाई दोन बातम्यांच्या मध्ये हात जुळवून गप्प उभी राहते. यंत्राला वाटायचं, चित्र थिजलं. घंटा वाजायची. माणसं धावायची, तर काही झालेलंच नसायचं. रोज दहा वेळा तेच. माणसं वैतागली. शेवटी यंत्राला सांगून टाकलं, की त्या कोपऱ्याकडे बघू नकोस. “पडदा टाकला म्हण ना तिथे. त्यानंतर एकदाही घंटा नाही.”

“पण खिडकी थिजते,” ईसुल म्हणाली.

“नाही गं. थिजली असती तर लोकांनी तक्रार केली असती. हे बघ, तक्रारी शून्य.”

“तक्रार कशी करायची?”

“फोन करायचा. नंबर खाली येतो की.”

फोनचं नाव निघताच ईसुलची मान खाली गेली, तसे तक सर पुढे आले. सरांनी आवाज चढवला नाही.

“साहेब,” ते म्हणाले, “खुणांची खिडकी बघणाऱ्याला ऐकू येत नाही. तो फोन कसा करणार?”

खोलीत सगळे पडदे हलत होते आणि आवाज कशालाच नव्हता. प्यो साहेब म्हणाले, की घरातलं कोणीतरी त्यांच्यासाठी फोन करू शकतं. तक सर म्हणाले, की बेटांवरच्या कितीतरी घरांत दुसरं कोणी नाहीच, तरुण माणसं सगळी शहरात. साहेब म्हणाले, की अहवाल खोटं बोलत नाही.

“खोटं नाहीच बोलत,” सर म्हणाले. “अहवाल आमच्या पाचवीच्या मुलांसारखा असतो. विचारलं तेवढंच सांगतो. तुम्ही त्याला एका कोपऱ्याकडे बघूच नको म्हणालात, आणि मग विचारता, काही दिसलं का रे? तो म्हणतो, नाही साहेब. तो बिचारा काय करील?”

दोन माणसं पुन्हा हसली, पण या वेळी प्यो साहेब हसले नाहीत. त्यांना राग आला होता. पाहुण्यांसमोर, स्वतःच्याच खोलीत! त्यांनी काल संध्याकाळच्या बातम्यांचं चित्रण काढायला सांगितलं. पडद्यावर निवेदक वाकला. कोपऱ्यात ईसुलची आई हात पोटाशी जुळवून उभी होती. अगदी स्तब्ध. खिडकी बंद झाली.

“बघितलंत? बातम्या संपल्या, बाई नियमानं उभी आहे. हे थिजणं नव्हे. हे उभं राहणं. मी तरी यात काय दोष काढू?”

आणि इथे, मुलांनो, ईसुल अडचणीत सापडली. कारण तो दोष कुठे आहे ते त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं. आई कधीच अशी उभी राहत नाही. तिथे बाही हवी होती. पण ते सांगायचं म्हणजे गुपित फोडायचं. हे साहेब सोलला कळवतील, आईला बोलणी बसतील, कदाचित तिची खिडकीच जाईल. आणि नाही सांगितलं, तर खिडकी तशीही जाणारच आहे, बोटींच्या वेळांसाठी. काय करावं? तुम्ही काय केलं असतं?

तिनं सरांकडे बघितलं. सरांना काही ठाऊक नव्हतं, ते नुसते मान हलवून धीर देत होते. तिला आजीचा थंड झालेला भात आठवला.

“काका,” ती म्हणाली, “ती माझी आई आहे. ती शेवटी बाही सारखी करते. डावी. दोनदा. रोज करते. ते आमच्यासाठी असतं, आजीसाठी नि माझ्यासाठी. तिला तसं करायची परवानगी नाही. काल तिनं केलं असणार. इथे आलं नाही.” आणि घाईघाईनं जोडलं, “तिला रागावू नका.”

प्यो साहेब वळले आणि त्यांनी स्वतः सोलला फोन लावला. कालच्या बातम्यांचं तिकडून निघालेलं चित्रण मागितलं. कशाला, ते सांगितलं नाही. मुलांनी दुधाचे पेले संपवले, तोवर ते आलं.

पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. डावीकडे सोलहून निघालेली, उजवीकडे या केंद्रावरून बेटांवर गेलेली. दोन्हीकडे निवेदक वाकला. उजवीकडे आई तशीच पुतळ्यासारखी. डावीकडे तिनं पोटाशी जुळवलेले हात सोडवले, उजवा हात डाव्या बाहीवरून सावकाश फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

काल संध्याकाळी न मिळालेलं ईसुलला आत्ता मिळालं होतं. तिनं नकळत आपल्याच बाहीवरून हात फिरवला, आणि ते बघून प्यो साहेबांनी चष्मा काढला.

“अरे देवा!” ते म्हणाले. “वर्षभर मी कसल्या हिरव्याचा अभिमान बाळगत होतो!”

त्या दिवसापासून त्या खोलीत वेगळं काम सुरू झालं. कोपऱ्यावरचा पडदा काढला. पण यंत्र पुन्हा खोट्या घंटा वाजवील, त्याचं काय? त्यावर साहेबांनी सोपी युक्ती काढली. सोलची खिडकी आणि इथली खिडकी यंत्रानं क्षणाक्षणाला ताडून बघायची. बाई तिकडेही स्तब्ध असेल तर ती विश्रांती, घंटा वाजवायची नाही. तिकडे हात हलतो आहे आणि इथे नाही, तर ते थिजणं. तेव्हा घंटा. मग त्यांनी जुनं चित्रण मागवून तसंच ताडून बघितलं, आणि नुसते आकडे न मोजता ते दोष कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी झाले हे मांडून काढलं. ते मांडल्यावर उघड झालं, की खिडकी सगळ्यात जास्त वादळाच्या दिवशी थिजत होती. कारण खिडकी मोठ्या चित्राबरोबर नाही, तर वेगळ्या तारेवरून सोलहून यायची, आणि त्याच तारेवरून वादळाची चित्रं किनाऱ्यावरून सोलला पाठवली जायची. गर्दी व्हायची आणि त्या गर्दीत सगळ्यात लहान चित्र चिरडलं जायचं. ज्या संध्याकाळी आजीला, मा आजोबांना ती खिडकी सगळ्यात जास्त हवी होती, नेमकी त्याच संध्याकाळी.

महिनाअखेरचा अहवाल लाल निघाला. वरच्या साहेबांनी प्यो साहेबांना बोलावून चांगलंच झापलं, की वर्षभर हिरवं असलेलं केंद्र एका महिन्यात असं कसं बिघडलं. प्यो साहेब म्हणाले, केंद्र बिघडलेलं नाही, अहवाल सुधारला आहे. वादळाची चित्रं त्यांनी दुसऱ्या तारेवर वळवून घेतली आणि लाल अहवाल तसाच सोलला पाठवला. त्यात त्यांनी लिहिलं होतं, की तपासणीसाठी प्रक्षेपणातली शेवटची हालचाल खूण म्हणून धरली. कोणाची, कसली, ते लिहिलं नाही.

मग एके दिवशी ते बोट धरून बेटावर आले. गावच्या सभागृहात, तक्रारीसाठी आता फोन नको, लिहून नाहीतर खुणांचं चित्रण करून पाठवा, असं सांगणारा मोठा फलक लावला. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांनी फक्त हात हलवून दाखवा, आमच्याकडे समजणारं माणूस ठेवलं आहे, असं त्यांनी ईसुलकडून खुणांनी वदवून घेतलं. आजी पहिल्या रांगेत बसली होती. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, की तुमच्या यंत्राला डोळे किती.

“चाळीस,” प्यो साहेब म्हणाले. ईसुलनं ते हातांनी सांगितलं.

आजीचे हात भरभर हलले. ईसुल घुटमळली. “सांग ना,” साहेब म्हणाले.

“आजी म्हणते, चाळीस डोळे, आणि आमच्याकडे बघायला एकही नाही? आमच्या मांजरीला दोनच आहेत, पण तिला मी दिसते.”

सभागृह हसलं. प्यो साहेब उठले आणि आजीसमोर कंबरेत वाकले, वडीलधाऱ्यांसमोर वाकतात तसे, खाली बघत. आजीनं त्यांना बराच वेळ तसंच राहू दिलं. मग उठून त्यांच्या हातात सुक्या मांदेलीची पिशवी दिली आणि खुणेनं म्हणाली, की या वेळी वाचली आहे, खाऊन बघा.

त्या रविवारी ईसुलनं आईला खरं सांगितलं, की मी गुपित फोडलं. आई गप्प राहिली. ईसुलला वाटलं, पुन्हा तुकडे झाले. पण चित्र नीट होतं, आईच बोलत नव्हती. मग ती म्हणाली, की तिला कोणी काही बोललेलं नाही, उलट सोलच्या साहेबांनी विचारलं, दक्षिणेकडचे लोक तुम्हाला एवढं शोधतात, कोण आहेत ते? खिडकी राहणार होती. बोटींच्या वेळा खालच्या पट्टीत जाणार होत्या.

“आणि तू कधी येणार?” ईसुलनं विचारलं.

“नव्या वर्षाला,” आई म्हणाली. नवं वर्ष अजून लांब होतं.

मुलांनो, खिडकी वाचली तरी आई तळहाताएवढीच राहिली, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. अंतर कुठल्याही यंत्रानं कमी होत नाही. पण जी थोडीशी आई रोज येत होती, ती वाटेत हरवत होती, आणि ती हरवते आहे हे कोणाला कळतसुद्धा नव्हतं, ते तरी थांबलं. तुम्ही मोठे व्हाल. कोणी शाळा चालवाल, कोणी दवाखाना, कोणी नगरपालिका. तुमच्या टेबलावरही अहवाल येतील, आणि त्यांत कुठे शून्य दिसेल. शून्य बघून लगेच खूश होऊ नका. आधी विचारा, की कोणी तक्रार केली नाही, का कोणाला करताच आली नाही? यंत्राची नजर कुठे नाही? तो कोपरा कोणाचा आहे? मोजणं चांगलंच. पण जे आपल्याला हाक मारू शकत नाहीत, त्यांच्याकडे आपणच चालत जायला हवं.

सोमवारी संध्याकाळी समुद्र खवळला होता. बातम्यांत पुन्हा लाटांचा इशारा होता, आणि खिडकीतली आई तो शेवटपर्यंत सांगत होती, दोन्ही हातांनी, एकदाही न थिजता. आजीनं उठून मांदेलीच्या जाळ्या पडवीत ओढल्या आणि परत येऊन बसली. निवेदक वाकला. आईनं डावी बाही सारखी केली, दोनदा. आजीनं भाताला हात घातला.

ईसुलनं मात्र घास घेतला नाही. तिला धक्क्याजवळचं ते घर आठवलं, जिथे आता टीव्ही लागत नव्हता. आजीला ‘येते’ अशी खूण करून तिनं चपला पायात सरकवल्या आणि वाऱ्यात डोकं खाली घालून ती उतारावरून निघाली. मा आजोबा दाराकडे पाठ करून जाळं विणत होते. त्यांची दुरुस्त केलेली होडी अजून पाण्यातच होती. हाक मारून उपयोग नव्हता. ईसुलनं उंबऱ्यातून हात आत घातला, भिंतीवरचं बटण चाचपलं, आणि त्यांनी वळून बघेपर्यंत दिवा लावत आणि विझवत राहिली.